चर्चच्या कार्यक्रमांची बातमी वृत्तपत्रांत यावी यासाठी काय करावे?

प्रश्न (धर्मग्राम म्हणजे पॅरिश समितीचा सदस्य, वसई): आमच्या चर्चचा वार्षिक सण, रक्तदान शिबिर आणि नाताळ यांची पत्रके आम्ही दरवर्षी वृत्तपत्रांच्या कार्यालयांत नेऊन देतो, छापून येतो तो मात्र रोषणाईचा एखादा फोटो, आणि तोही बहुधा मुंबईतल्या चर्चचा. आमचे कुठे चुकते?

निवृत्त उपसंपादक: आपण देता ती निमंत्रणपत्रिका असते, बातमी नव्हे. स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि आभार यांतून वाट काढत गेल्यावर किती बाटल्या रक्त जमले हे शेवटच्या ओळीत कळते. ती ओळ पहिली हवी. चर्चची पायरी कधीही न चढणाऱ्या वाचकाला यात काय आहे, एवढेच आम्ही पाहतो. वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा दर सप्टेंबरात वृत्तपत्रांत असते, कारण तिथे सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या वाहतात आणि वाहतुकीत बदल करावे लागतात. आपल्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण त्याआधी कितीतरी वर्षे वसईची हिरवाई वाचवण्याच्या ‘हरित वसई’ लढ्यामुळे ते वृत्तपत्रांना ठाऊक होते.

तालुका वार्ताहर: माझ्यासारखे बरेच जण तुटपुंज्या मानधनावर काम करतात. लेटरहेडवरील पत्रकाचा फोटो पाठवल्यास सारा मजकूर पुन्हा टंकावा लागतो आणि तिथेच ती बातमी मागे पडते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, कार्यक्रमाच्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवावा. व्यासपीठावरची रांग नको. रक्त देणारी आजूबाजूच्या गावांतली माणसे दिसतील असा एकच फोटो, नावांच्या ओळीसह, पुरे. नाताळच्या पुरवणीची पाने आधीच लागतात; वसईकडच्या कादोडी बोलीतल्या गाण्यांचा कार्यक्रम असेल तर दोन आठवडे आधी कळवावे, तो विषय आम्हालाही हवाच असतो.

वाचक, अहिल्यानगर: उपसंपादकांचे म्हणणे मला अर्धेच पटते. समाजकार्य तेवढे दाखवायचे आणि उपासना झाकायची, असे का? आमच्या शहरातून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघाले, त्यात धर्म आणि समाज शेजारी शेजारीच छापले जात होते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, लोक मिरवणुकीत का चालतात, हे सोप्या मराठीत चार वाक्यांत लिहून दिल्यास संपादक नाही म्हणतील असे वाटत नाही. शिवाय जमिनीचा वा शाळाप्रवेशाचा वाद उभा राहिला की आपल्याकडे दूरध्वनी उचलायलाच कोणी नसते. वर्षभर पत्रके पाठवणाऱ्यांनी त्या दिवशीही बोलायला एक जबाबदार माणूस आधीच नेमून ठेवावा.