बंदीच्या आधी नियम

ऑनलाइन चर्चामंचावरच्या भांडखोर आयडीवर (सदस्याच्या खात्यावर) थेट कायमची बंदी घाला, असं काहींचं म्हणणं आहे; मला ते पटत नाही. असा माणूस बहुधा नवा आयडी काढून, आणखी चिडून परत येतो. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा इतरांचे बदल उलटवता येत नाहीत. हा नियम मोजता येतो, म्हणून पक्षपाताच्या आरोपाला फारशी जागा उरत नाही. शिवाय प्रचालक (म्हणजे देखरेख करणारा ॲडमिन) स्वतः ज्या वादात उतरलाय तिथली कारवाई दुसऱ्याने करायची, हा तिथला संकेत मला सर्वांत मोलाचा वाटतो. मंचावर कुणाचा प्रतिसाद उडवलात तर कारण लिहाच. गुपचूप गायब झालेल्या मजकुरावरून नवी भांडणं पेटतात. धमकी देणं किंवा कुणाचा पत्ता, फोन उघड करणं मात्र वेगळं. तिथे समज देत बसू नये, आयडी ताबडतोब बंद करावा.