जुने शेफील्ड खिसेचाकू: पहिला कोणता घ्यावा, कसा पारखावा?

मुळाक्षर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. जुने इंग्लिश घडीचे चाकू जमवायला सुरुवात करायची आहे. मुक्काम लेस्टरला, त्यामुळे जुन्या वस्तूंचे बाजार आणि लिलाव जवळ आहेत. पहिल्या चाकूसाठी १२० पौंडांपर्यंत खर्च करता येईल. वापरायचा नाही, बघायचा आणि जपायचा आहे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या नावाजलेल्या चाकू कंपनीपासूनच सुरुवात करावी का? पात्यावरच्या ठशावरून काळ कसा ओळखायचा? आणि पुढे पुण्याला परत जाताना सोबत नेता येईल का?

पोलादपारखी
नाव नंतर बघा, आधी पातं बघा. रॉजर्सचा ठसा असलेला पण धार लावून लावून झिजलेला चाकू घेण्यापेक्षा कमी नावाजलेल्या कारागिराचा भरल्या पात्याचा चाकू कधीही सरस.

झीज ओळखायची खूण: पात्याच्या मुळाशी, ठशाच्या पुढे, धार न लावलेला एक तुकडा असतो. त्याची रुंदी मूळची असते. त्याच्यापुढे पातं एकदम पायरी उतरल्यासारखं अरुंद झालं असेल, तर तेवढं पोलाद सहाणेवर गेलं. मग चाकू मिटून बघा. नख घालायची खाच मुठीच्या पत्र्याखाली बुडाली असेल, तर मुळाशी असलेला छोटा उंचवटा (त्याला किक म्हणतात) कुणीतरी कानशीने घासला आहे. किक मिटलेलं पातं स्प्रिंगवर (मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी) टेकवते आणि धार अधांतरी ठेवते. ती घासली की धार स्प्रिंगवर आपटते आणि बोथट होते. टोक मोडलेल्या पात्याला नवं टोक काढलं की ते मुठीबाहेर डोकावतं. मग ते आत बसवायला किक घासतात, त्यामुळे हे दोन दोष बहुधा जोडीने सापडतात.

उघडून दिव्यासमोर धरा. स्प्रिंग आणि पितळी पत्र्यांच्या मधून उजेड दिसता कामा नये. चांगल्या शेफील्ड चाकूत तिथे केसाएवढीही फट नसते आणि स्प्रिंगची पाठ पात्याच्या पाठीशी एका रेषेत येते. पातं डावी-उजवीकडे हलवून बघा, डुगडुगत असेल तर रिव्हेट सैल आहे. उघडताना शेवटी खट्‌कन बसलं पाहिजे. मिटताना मात्र हात सोडू नका, बोटांनी आवरत मिटवा.

एकाच स्प्रिंगवर दोन टोकांना दोन पाती असतील, तर दोन्ही एकाच वेळी अर्धी उघडू नका. जुनी स्प्रिंग मधोमध तडकण्याचं ते हमखास कारण आहे.

शिंपलावेडी
१२० पौंडांत मी रॉजर्सपेक्षा चांदीचा घडीचा फळचाकू घ्या म्हणेन. साधारण ४० ते ८० पौंडांत शिंपल्याच्या मुठीचा चांगला मिळतो. पोलादावर फळातल्या आम्लाने काळे डाग पडायचे आणि फळालाही लोखंडी चव यायची, म्हणून पातं चांदीचं. नवशिक्यासाठी खरा फायदा म्हणजे त्याचं वर्ष पक्कं कळतं. पात्याच्या मुळाशी ठसे असतात: कारागिराची आद्याक्षरं, चालणारा सिंह (स्टर्लिंग चांदी), मुकुट (शेफील्ड) किंवा नांगर (बर्मिंगहॅम), आणि वर्षाचं अक्षर. राणीचं मुखचित्रही असेल तर चाकू १८९० किंवा त्याआधीचा, कारण त्या वर्षी चांदीवरचा कर उठला आणि तो ठसा बंद झाला. नुसत्या अक्षरावर जाऊ नका. शेफील्डची अक्षरमाला १८६८, १८९३ आणि १९१८ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट दोन्ही वर्षाक्षरांच्या तक्त्याशी जुळवा.

शिंपला दहा पटीच्या भिंगाखाली बघा. मूठ हळूहळू फिरवली की आतली चमक जागा बदलते, पाण्यावरच्या उन्हासारखी. प्लास्टिकची चमक एका जागी थिजलेली असते. पिनेपासून निघालेली केसासारखी चीर शोधा, शिंपला तिथूनच फुटतो. पात्याच्या मुळाशी करड्या रंगाचा डाग दिसला तर शिशाने झाळून केलेली दुरुस्ती आहे. सोडून द्या.

पोलादपारखी
फळचाकूबद्दल सहमत, पण खटका ऐकायचा असेल तर पोलादच हवं. आता ठसे.

रॉजर्सची खूण म्हणजे सहा टोकांची चांदणी आणि माल्टीज क्रॉस, १७६४ पासूनची. नावात ‘ड’ आहे: रॉजर्स लिहिताना ‘डी’ येतो. ‘डी’ नसलेलं नाव आणि चांदणीसारखं काहीतरी दिसलं तर सावध व्हा. या नावाच्या नकला व्हिक्टोरियाच्या काळातही भरपूर झाल्या. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही आर’ असेल तर व्हिक्टोरिया, म्हणजे १८३७ ते १९०१. ‘जी आर’ मात्र फसवतं, कारण चौथा जॉर्ज (१८२० ते १८३०) आणि पाचवा जॉर्ज (१९१० ते १९३६) दोघांचंही तेच. विक्रेता अर्थातच आधीचा सांगतो.

‘इंग्लंड’ हा शब्द दिसला तर चाकू बहुतेक १८९० नंतरचा. त्या वर्षीच्या अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्याने मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. उलटं मात्र खरं नाही. हा नियम अमेरिकेला जाणाऱ्या मालासाठी होता, त्यामुळे ‘इंग्लंड’ नाही म्हणून चाकू जुना ठरत नाही. ‘स्टेनलेस’ लिहिलं असेल तर १९१३ नंतरचा, कारण हॅरी ब्रेअर्लीने शेफील्डमध्ये ते पोलाद काढलं त्याच वर्षी. आणि ठसा फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतो.

रॉजर्सखेरीज जॉर्ज वोस्टनहोम (‘आयएक्सएल’ ही खूण) आणि ब्रुक्स अँड क्रुक्स (घंटेची खूण) ही नावं लक्षात ठेवा. ब्रुक्स अँड क्रुक्सची बहुपाती कामं बघताना तर नजर हटत नाही. कळस बघायचा असेल तर शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये (चाकू कारागिरांच्या संघाची इमारत) नॉरफोक नाइफ आहे: रॉजर्सने १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी केलेला, ७५ पात्यांचा. लेस्टरहून एका दिवसात जाऊन याल. जाण्याआधी हॉल कधी उघडा असतो ते विचारून घ्या. त्याच दिवशी केलहॅम आयलंड म्युझियममधला शेफील्डच्या चाकू-अवजारांचा हॉली संग्रहही बघा.

वनरक्षित
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुठीवर अवलंबून आहे. हस्तिदंत आणि कासवाची पाठ भारतात आणायचा विचारही नको, कितीही जुनं असलं तरी. ब्रिटनमध्येही २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू आहे. १९४७ पूर्वीच्या आणि १० टक्क्यांपेक्षा कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूला नोंदणी करून सूट मिळते, पण अख्खी मूठच हस्तिदंती असलेला खिसेचाकू त्यात बसणं अवघड. नोंदणी दाखवल्याशिवाय विकत घेऊ नका.

ओळख अशी: हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा, हाडावर बारीक काळे ठिपके आणि तुटक रेघा, आणि सेल्युलॉइडवर (जुन्या काळचं प्लास्टिक) शाळेच्या वहीसारख्या सरळ समांतर रेघा.

शेफील्डच्या मुठींसाठीचं सांबरशिंग मोठ्या प्रमाणावर आपल्याकडूनच जायचं. आज त्याची निर्यात आणि व्यापार बंद आहे, त्यामुळे सांबरशिंगी चाकू परत आणणंही टाळा. शिंपला, आबनूस, धातू, गुराचं हाड किंवा शिंग चालेल, पण बिलावर मुठीचं साहित्य लिहून घ्या. चाकू केबिन बॅगेत नाही, चेक-इनमध्येच.

मुळाक्षर
मनापासून धन्यवाद. एक सापडला आहे: रॉजर्स, ‘व्ही आर’, शिंपल्याची मूठ, दोन पाती, ९५ पौंड. मोठं पातं भरलेलं, खाच वर दिसते, उजेड येत नाही. पण सांध्यात हिरवट चिकट थर आहे आणि छोटं पातं जेमतेम उघडतं. घ्यावा का?

पोलादपारखी
घ्या. हिरवं म्हणजे जुन्या तेलात पितळी पत्र्याचा उतरलेला कळंक. जड उघडणारं पातं सुटतं, झिजलेलं पातं परत येत नाही.

आणल्यावर उघडायची जबरदस्ती करू नका, खाचेचा कंगोरा तुटेल. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सुईच्या टोकाने सांध्यात सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी बांबूच्या टूथपिकने हिरवा थर काढा, पोलादी टोक लावू नका. पातं थोडं थोडं हलवत दहा-पंधरा वेळा उघडमीट करा. काळं तेल येईल, ते सुती कपड्याने टिपा, स्वच्छ येईपर्यंत. लाल गंज असेल तर चार शून्यांची (म्हणजे अगदी बारीक) स्टील वूल तेलात भिजवून फक्त पात्याच्या लांबीच्या दिशेने, ठसा सोडून. करडा-काळा रंग तसाच राहू द्या, तो पोलादाला धरून राहिलेला थर आहे. पॉलिशच्या चाकावर तर मुळीच नको: ठशाच्या कडा आधी बोथट होतात आणि किंमत तिथेच पडते.

शिंपलावेडी
शिंपल्याला व्हिनेगर, लिंबू, चिंच काहीही लावू नका. तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, आम्लाने चमक कायमची जाते. ओलसर कपडा आणि लगेच कोरडा कपडा, बस्स.

पुण्याच्या पावसाळ्यासाठी: चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं पोलाद खातात. पात्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, बिनआम्लाचा कागद, हवाबंद डबा आणि रंग बदलणारी सिलिका जेल. रंग बदलला की जेल तापवून पुन्हा वापरा. पुढे कधी सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू घेतलात तर तो या डब्यात नको. सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारचे सगळे चाकू गंजतात. त्याला वेगळी, हवा खेळणारी जागा द्या आणि महिन्यातून एकदा वास घेऊन बघा. आंबट, झोंबणारा वास आला तर कुजायला लागला आहे.