मदत हवी आहे: स्टेजच्या एलईडी दिव्यांमुळे फोटोत पट्टे येतात

मंडळी, मी फ्रीलान्स फोटोग्राफी करतो. पोर्ट्रेट आणि प्रमोशनल शूटमध्ये प्रकाश आपल्या हातात असतो, तिथे फार अडत नाही. डोकेदुखी आहे ती कार्यक्रमांची. गाणं किंवा भाषण चालू असताना आवाज नको म्हणून मिररलेस कॅमेऱ्यावर सायलेंट (म्हणजे इलेक्ट्रॉनिक) शटर लावतो, आणि एलईडी दिव्यांमुळे फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

कारण ठाऊक आहे. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात दिवे लुकलुकतात. 50 हर्ट्झच्या विजेवर साधी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, त्यामुळे 1/100 किंवा 1/50 सेकंदाच्या शटरस्पीडवर भागतं. स्टेजच्या एलईडींचं गणित मात्र वेगळंच, त्यात दिवे मंद केले की पट्टे आणखी ठळक. शिवाय 1/50 वर नाचणाऱ्याचे हात पुसट येतात. मेकॅनिकल शटरने त्रास बराच कमी होतो, पण शांत सभागृहात पहिली रांग वळून बघते. (स्वतःचे मोबाइल वाजतात तेव्हा कोणी बघत नाही, असो.)

काही कॅमेऱ्यांत शटरस्पीड दशांशाने, म्हणजे अगदी बारीक फरकाने, बदलून पट्टे घालवता येतात. ते कोणी वापरलंय का? दर गाण्याला दिवे बदलत असताना ते जुळवायला वेळ मिळतो का, की नुसतं कागदावरच छान? त्याच्यासाठी नवी कॅमेरा बॉडी घेण्याइतका फरक पडतो का?

आणि पट्टे आलेले काही फोटो आयोजकांना द्यायचेच आहेत. चेहऱ्याचा रंग न बिघडवता ते एडिटिंगमध्ये कसे काढता?