एक्सूसिया आणि दुनामिस: अधिकार कुठे, सामर्थ्य कुठे?

प्रश्न
बायबलच्या नव्या करारात, लूक १०:१९ मध्ये, एक्सूसिया (अधिकार) आणि दुनामिस (सामर्थ्य) हे दोन्ही ग्रीक शब्द एकाच वाक्यात आलेत. १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात मात्र दोन्हींसाठी एकच शब्द आहे. मग फरक खरंच आहे का? आणि कोशात एक्सूसियाचे अधिकार, हक्क, मुभा, सत्ता असे कितीतरी अर्थ दिलेत. कुठे कोणता घ्यायचा?

प्रतिसाद १
फरक आहे, आणि तो याच वचनात सगळ्यात ठळक दिसतो. शिष्यांना मिळते ती एक्सूसिया, वैऱ्याकडे असते ती दुनामिस. वैऱ्याला बळ आहे हे येशू नाकारत नाही. त्या बळावर चालेल असा अधिकार देतो. १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या करारात इथे दोन वेगळे शब्द आले.

एक्सूसियाचं नातं 'एक्सेस्ती' (परवानगी आहे) या क्रियापदाशी. त्यामुळे 'हा दिला कोणी?' हा प्रश्न तिच्यामागे कायम असतो. योहान १९:१०-११ बघा. सोडायचा आणि क्रुसावर द्यायचा अधिकार आपल्याकडे आहे, असं रोमी सुभेदार पिलात येशूला बजावतो. येशूचं उत्तर असं की वरून दिला नसता तर तुझा माझ्यावर काहीच अधिकार चालला नसता. शिपाई पिलाताचेच आहेत, पण वाद त्यांच्याबद्दल नाहीच.

अर्थ ठरवताना शब्दाच्या आजूबाजूचं व्याकरण आधी तपासा. पुढे तुमन्त रूप ('खायला', 'प्यायला' अशा अर्थाचं क्रियापदाचं रूप) असेल तर बहुधा हक्क किंवा मुभा: १ करिंथ. (करिंथकरांस पहिलं पत्र) ९:४ मधला खाण्यापिण्याचा हक्क. 'एपी' ('वर') हा शब्द किंवा षष्ठी असेल तर अधिकार कोणावर चालतो ते कळतं: लूक ९:१, मार्क ६:७. अनेकवचन आलं की रोम. १३:१ मध्ये राज्यकर्ते, इफिस. ६:१२ मध्ये अदृश्य सत्ता. लूक २३:७ ला तर 'अखत्यार' हाच शब्द चपखल बसतो: येशू गालीलचा शासक हेरोद याच्या अखत्यारीतला.

प्रतिसाद २
सहमत, फक्त दोन ठिकाणी सांभाळा. 'एक' अधिक 'ऊसिया' अशी फोड करून 'अस्तित्वातून निघालेली शक्ती' असा अर्थ काढू नका. अर्थ वापरावरून ठरतो, फोडीवरून नाही. दुसरं, सीमारेषा सगळीकडे पक्की नाही. प्रकटी. (प्रकटीकरण) ९:१९ मध्ये घोड्यांची एक्सूसिया तोंडात आणि शेपटांत आहे; तिथे 'ताकद' म्हटल्याशिवाय वाक्य उभं राहत नाही.

१ करिंथ. ६:१२ मात्र ग्रीकमध्येच वाचा. 'सगळ्याची मला मुभा आहे' यात एक्सेस्तीन, आणि 'पण मी कशाच्याही सत्तेखाली जाणार नाही' यात एक्सूसियास्थेसोमाई. मुभेचा अतिरेक झाला की तीच मालकीण होते, हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने एकाच धातूत पकडलंय. भाषांतरात हे हमखास निसटतं.

प्रश्नकर्ता
मग १ करिंथ. ११:१० मध्ये 'अधिकाराचं चिन्ह' कुठून आलं?

प्रतिसाद १
'चिन्ह' मूळ ग्रीकमध्ये नाही, भाषांतरकारांनी घातलंय. तिथे स्त्रीच्या 'मस्तकावर एक्सूसिया असावी' एवढंच आहे. 'एक्सूसिया एखेईन एपी' (एखाद्या गोष्टीवर अधिकार असणे) हीच रचना प्रकटी. ११:६ मध्ये पाण्यावर आणि १४:१८ मध्ये अग्नीवर आहे, आणि दोन्हीकडे अधिकार कर्त्याचाच. म्हणून 'तिचा स्वतःच्या मस्तकावर अधिकार' हे वाचन मला जास्त सरळ वाटतं. आच्छादनाचा संदर्भ आधीच्या वचनांत आहे हे खरं, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण 'चिन्ह' घालायचंच असेल तर निदान तळटीप द्यायला हवी.