हद्दवाढीत गाव चाललंय, हरकतीत रस्त्यांबद्दल काय लिहावं?

मळ्याची वाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचं गाव शेजारच्या महापालिकेत घेण्याची प्रारूप अधिसूचना निघाली आहे. हरकतींसाठी ३० दिवस, त्यातले ९ गेले. येत्या गुरुवारी त्यासाठीच ग्रामसभा आहे. मी दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होते. आता पदावर नाही, पण ठरावाचा मसुदा माझ्याकडे आलाय, कारण रस्त्याची कामं चालू असली की खडी मोजायला मीच उभी राहायचे.

गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, एकच ओळ लिहा, हद्दवाढ रद्द करा, आणि खाली सह्या घ्या. दुसरा म्हणतो, जाऊ द्या, निदान पाणी तरी येईल. मला दोन्हींत काहीतरी सुटतंय असं वाटत होतं. काय सुटतंय ते काल कळलं.

काल ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून नमुना २३ ची वही मागून घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची ही नोंदवही. रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, लांबी, रुंदी, मुरमाचा की खडीचा की डांबरी, काम कधी झालं, खर्च किती. कपाटातून निघाली तेव्हा पुठ्ठा सुटलेला होता, मधली दोन पानं ओल लागून एकमेकांना चिकटली होती. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. आम्ही रोज वापरतो ते रस्ते मी घरून मोजून नेले होते, १९. वहीत आहेत ११.

नसलेल्या आठांत आमच्या मळ्याचा रस्ता आहे. ६४० मीटर, ३१ घरं. २००९ साली शेजारच्या एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याने बांधाकडेची पट्टी सोडली म्हणून तो झाला. देवळापुढच्या पारावर सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "घ्या, पोरींना शाळेत जाताना चिखल नको." मुरूम पडला, पुढे खडी पडली. कागद कुणी केला नाही. त्यांचा शब्द होता, तो पुरेसा वाटला. ते आता नाहीत. मुलांची एका बिल्डरशी बोलणी चालू आहेत आणि रस्त्याच्या एका कडेला चुन्याने रंगवलेल्या खुंट्या आल्यात. मुलांना मी दोष देत नाही, जमीन त्यांची आहे.

आज सकाळी पुतण्याला घेऊन टेप लावला. तोंडाशी ११ फूट, विहिरीजवळच्या वळणावर ८ फूट ४ इंच. मागच्या आषाढात याच वळणावर रुग्णवाहिका अडकली. जावेला कळा सुरू झाल्या होत्या. चौघांनी खुर्चीत बसवून तिला डांबरीपर्यंत नेलं, वरून पाऊस. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण तेव्हापासून मी त्या वळणावरून गेले की पाय अडखळतो.

तर विचारायचं हे: हरकतीत रस्त्यांबद्दल नक्की काय मागावं? आणि जे रस्ते वहीतच नाहीत त्यांचं गाव महापालिकेत गेल्यावर काय होतं? ज्यांची गावं आधी गेलीत त्यांनी जरूर लिहा.

जुना सरपंच

ताई, आमचं गाव काही वर्षांपूर्वी गेलं. कुठल्या महापालिकेत ते लिहीत नाही. आम्ही तुमच्यातल्या पहिल्या तटासारखंच केलं. एका ओळीची हरकत आणि पाठीमागे सह्यांचा गठ्ठा. सुनावणीत आमचा नंबर आला तेव्हा साहेबांनी विचारलं, "विरोध नोंदवला, आणखी काही मागणी?" आमच्याकडे आणखी काहीच लिहिलेलं नव्हतं. चार मिनिटांत बाहेर आलो. गाव तर गेलंच.

मग दप्तर नेलं. दोन टेम्पो. वह्या, नकाशे, कर आकारणीचे नमुना ८ चे गठ्ठे, सगळं. आमच्याकडे झेरॉक्ससुद्धा ठेवली नव्हती. पुढे सहा महिन्यांनी एका गल्लीतल्या खड्ड्यांचा अर्ज घेऊन गेलो तर उत्तर आलं की हा रस्ता खासगी जागेत आहे, त्यावर खर्च टाकता येत नाही. मी म्हटलं, अहो, आम्ही यावर दोनदा खडी टाकलीय. ते म्हणाले, दाखवा. दाखवायला वही हवी होती, आणि वही त्यांच्याच कुठल्यातरी गोदामात. माहिती अधिकारात अर्ज केला, पान मिळायला पाच महिने लागले.

माझ्या काळात खांबावरचा दिवा गेला की शिपाई संध्याकाळच्या आत शिडी लावायचा. आता तक्रार क्रमांक मिळतो. विचारायचं कुणाला, हा खरा प्रश्न होतो. पुण्याचंच बघा. २३ गावं ३० जून २०२१ ला महापालिकेत आली, ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, आणि सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्या गावांना आपला नगरसेवक निवडायला जानेवारी २०२६ उजाडलं. साडेचार वर्षं सरपंच नाही आणि निवडून दिलेला नगरसेवकही नाही. त्यात बांधकाम परवानगी सुरुवातीला पीएमआरडीएकडेच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) ठेवलेली, म्हणजे कचऱ्याला एक दार आणि परवानगीला दुसरं.

म्हणून सांगतो, उद्याच्या उद्या नमुना ८, २२, २३ आणि २४ च्या सही-शिक्क्याच्या नकला काढा. २२ म्हणजे इमारती वगैरे स्थावर मालमत्ता, २४ म्हणजे जमिनी. एक संच गावात ठेवा, एक हरकतीला जोडा.

आराखडा (नगररचना विभाग, निवृत्त)

मी आयुष्यभर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो, तेव्हा तिकडून काय दिसतं ते सांगतो.

आधी कायदा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम ३. राज्य सरकार महापालिकेशी विचारविनिमय करून अधिसूचनेने हद्द बदलतं. ग्रामसभेचा ठराव त्यावर बंधनकारक नाही. हे ऐकायला कडू आहे, पण गुरुवारी गावाला स्पष्ट सांगा. लोकांना वाटतं ठराव केला की थांबलं. गेलेलं गाव परत येऊ शकतं हेही खरं. पुण्यात २०१७ मध्ये आलेल्या ११ गावांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये बाहेर पडली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं १९८३ मध्ये आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. त्यातली १८ गावं २०२० मध्ये वगळली, तो निर्णय उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. या ये-जा करण्याच्या वर्षांत रस्ता कोण करतो? कुणीच नाही. प्रत्येक कार्यालय म्हणतं, आधी ठरू द्या.

सरपंचसाहेबांचा सगळा रोख महापालिकेवर आहे, त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. रस्ते अरुंद महापालिकेने केले नाहीत. ते आपण केले. भिंत दोन फूट पुढे आली तेव्हा ग्रामपंचायत गप्प बसली, कारण भिंतवाला भावकीतला होता. तुकडे पडत गेले आणि मध्ये दहा फुटांचा बोळ सोडून त्याला रस्ता म्हटलं. मी अशी शेकडो प्रकरणं पाहिलीत. नंतर तिथे अग्निशमनचा बंब वळत नाही, आणि रुंदीकरण करायचं तर घरं पाडावी लागतात.

आता ताईंचा मळा. नमुना २३ मध्ये नोंद असणं चांगलं, पण ती नोंद म्हणजे मालकी नव्हे. वहिवाट होती, सार्वजनिक पैसा लागला होता, याचा तो पुरावा. मूळ दुखणं म्हणजे शब्द होता, कागद नव्हता. हरकतीत एवढं मागा: आठही रस्त्यांची यादी लांबी-रुंदीसह, सोबत मोजमाप, कामांची अंदाजपत्रकं किंवा बिलं सापडली तर त्यांच्या नकला, आणि हे रस्ते महापालिकेने ताब्यात घ्यावेत अशी स्पष्ट मागणी. जिल्हा परिषदेचा ग्रामीण मार्ग असेल तर त्याचा क्रमांक लिहा. तलाठ्याकडून गाव नकाशा घ्या. त्यावर तुटक रेघेने दाखवलेली पाऊलवाट किंवा गाडीवाट तुमच्या आठांपैकी कुठल्या रस्त्याशी जुळते ते बघा. जुळली तर तुमचं निम्मं काम झालं.

मळ्याची वाट नकाशावर बहुतेक नसणार, २००९ ची आहे. तिथे एकच उपाय, मुलांकडून नोंदणीकृत कागद आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद इतर हक्कात घ्यायचा निर्णय केलाय, त्याचा आधार तहसीलदारांपुढे घेता येईल.

आणि मुलांकडे विनवणी करायला जाऊ नका, हिशेब घेऊन जा. बांधकामाच्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे इमारतीला किती चटईक्षेत्र मिळणार, म्हणजे एकूण किती बांधता येणार, हे पुढच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. आठ फुटी वाटेवर बिल्डरला काय बांधता येणार? रस्ता रुंद झाला तर त्यांच्याच जमिनीचा भाव वाढतो. उद्या विकास आराखड्यात तो दाखवला गेला तर सोडलेल्या जागेच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळण्याची सोय आहे. आराखड्याचा मसुदा निघेल तेव्हा हरकतींना पुन्हा ३० दिवस असतात. ती तारीख चुकवू नका. हद्दवाढीच्या वेळी गाव जागं असतं, आराखडा येतो तेव्हा दमलेलं असतं.

सोसायटीतला

मी अशाच एका गावाच्या हद्दीत फ्लॅटमध्ये राहतो. माझं मत वेगळं आहे. आमच्या २१६ फ्लॅटना मार्चपासून जूनपर्यंतचे दिवस टँकरवर काढावे लागतात. ड्रेनेजची लाइन नाही. ग्रामपंचायतीकडे गेलो तर म्हणतात, एवढ्या लोकांची योजना आमच्या आवाक्यातली नाही, आणि खोटं नाही बोलत ते. त्यामुळे हद्दवाढ व्हावी असं मला मनापासून वाटतं. घरपट्टी वाढेल हे माहीत आहे. कायद्यात ती एकदम न लावता दरवर्षी टप्प्याने वाढवायची तरतूद आहे ना?

पण खरं दुखणं सांगू का, गावाने आम्हाला ग्रामसभेला कधी बोलावलंच नाही. आम्ही वरचे, तुम्ही खालचे, असं झालंय.

आराखडा (नगररचना विभाग, निवृत्त)

हो, कलम १२९अ. सुरुवातीला जुन्या दराने, मग वर्षाला २० टक्क्यांनी चढत पूर्ण दर. तुमचं नाव गावाच्या मतदार यादीत असेल तर ग्रामसभा तुमचीच आहे, आमंत्रण लागत नाही. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतलं जे कमी असेल ते.

मळ्याची वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहिता आलं नाही, कारण पायीच फिरत होते.

दादा (सोसायटीतले), तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण आमच्याकडेही तसंच आहे. वरच्या अंगाला दोन सोसायट्या आहेत, मी सदस्य असताना एकदाही तिथे जाऊन नोटीस दिली नाही. दवंडी गावठाणात फिरते, तिकडे ऐकू जात नाही. काल दोन्हीकडे गेले. त्यांच्या गेटपासून शाळेपर्यंतचा रस्ताही त्या आठांतच निघाला. त्यांच्यातले दोघेजण नकाशा काढून द्यायला तयार झालेत.

साहेब, गाव नकाशा मिळाला. आठांपैकी तीन वाटा तुटक रेघेने आहेत. एक तर थेट ओढ्यापर्यंत जाते, जिथे आता एकाच्या गोठ्याची भिंत आहे. ती भिंत आमच्या चुलत सासऱ्यांची आहे. तुम्ही भावकीचं लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. ती भिंत चढत होती तेव्हा मी सदस्य होते आणि मला दिसत होती. यादीत ती वाट अडथळ्यासकट लिहिली आहे. घरात अबोला सुरू झालाय, होऊ दे.

सरपंच दादा, नकला मागितल्यात. भाऊसाहेब म्हणाले चिकटलेली पानं सोडवायला वेळ लागेल. मी समोर बसून वाफेवर सोडवून घेतली. एका पानावर मळ्याच्या खडीकरणाची नोंद निघाली! २०११, लांबी ६४०, रुंदीचा रकाना कोरा. म्हणजे वहीत ११ नाहीत, १२ आहेत.

ते पान घेऊन काल संध्याकाळी मुलांकडे गेले. चटईक्षेत्राचा हिशेब सांगितला. धाकटा म्हणाला विचार करू. थोरल्याने पान हातात घेतलं, रुंदीच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "काकू, इथे किती लिहायचं ते आधी मोजून ठरवू." उद्या सकाळी तो मोजणीचा अर्ज घेऊन भूमी अभिलेखला येतोय. मी, पुतण्या आणि तो, साडेनऊची एसटी.

गुरुवारच्या ठरावात वरती गावाचा विरोध आहे, तो मी कुणाला काढू दिला नाही. त्याच्या खाली रस्त्यांची यादी, वहीत नसलेले सात आणि रुंदी कोरी असलेला मळ्याचा, असे आठही. सभा झाली की इथे लिहीन.