संदर्भावरून इंग्रजी शब्दांचा अर्थ ओळखायला कसे शिकवावे? मदत हवी आहे

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. घरी मराठी आणि बाजारात कन्नड सहज बोलणारी ही मुले इंग्रजी शब्द अडला की लगेच गाईड उघडतात. ‘अनलाइक हर टॉकेटिव्ह ब्रदर, मीना वॉज रेटिसंट’ (बडबड्या भावासारखी नसून मीना अबोल होती) या वाक्यात ‘अनलाइक’मुळे विरोध आहे एवढे त्यांना कळते, पण ‘टॉकेटिव्ह’च ठाऊक नसल्याने गाडी तिथेच अडते. हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासानुसार मजकूर स्वतःहून नीट समजण्यासाठी त्यातील सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात; आमचे पाठ्यपुस्तक (माझ्या मते) त्या मानाने फारच जड आहे. तेव्हा सोपे उतारे कोठून निवडावेत, आणि शब्दकोश अंदाज बांधल्यानंतरच उघडू द्यावा का, याबाबत अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.