मदत हवी आहे: सहावीतल्या मुलीच्या इन्स्टाग्रामवर पालकांचं नियंत्रण कसं लावायचं?

निशिगंध

नमस्कार. मुलगी ११ वर्षांची आहे, सहावीत. तिच्याकडे सासूबाईंचा जुना अँड्रॉइड फोन असतो, तोही शाळेमुळे. गृहपाठ, सूचना, प्रोजेक्टचे फोटो, सगळं वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं आणि त्या वेळी मी ऑफिसात असते. दिवाळीत आम्ही माहेरी गेलो होतो तेव्हा माझ्या भाचीने तिला इन्स्टाग्रामवर अकाउंट काढून दिलं. जन्मसाल २००२ टाकलं, कारण खरं टाकलं की अकाउंट निघतच नाही. मला हे आत्ता कळलं, आणि तेही मुलीनेच दाखवलं म्हणून.

ती नाच फार छान करते आणि रील्सवर मनापासून मेहनत घेते. पण एक रील बघून मी हादरले. सोसायटीच्या गेटसमोर नाचते आहे, मागे पाटीवर सोसायटीचं नाव स्वच्छ वाचता येतंय, अंगात शाळेचा पीटीचा टी-शर्ट, त्यावर शाळेचं नाव. अकाउंट सगळ्यांना खुलं. मेसेज रिक्वेस्टमध्ये एका अनोळखी माणसाचे तीन मेसेज पडले होते: "मस्त नाचतेस", "कितवीत आहेस?", "शाळा किती वाजता सुटते?" तिने उत्तर दिलेलं नाही. तिसरा मेसेज वाचून माझे हातपाय गार पडले.

मी माझ्या इन्स्टाग्रामवरून फॅमिली सेंटरमध्ये जाऊन तिच्या अकाउंटवर देखरेख सुरू करायला गेले, तर ते जोडलंच जात नाही. काय चुकतंय? की काही वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं? घरात दोन मतं आहेत. ह्यांचं म्हणणं, फोन काढून घे, विषय संपव. मला भीती वाटते की आज तिने स्वतःहून दाखवलं, फोन काढून घेतला तर पुढच्या वेळी दाखवणार नाही. शिवाय "वर्गात सगळ्यांचं आहे" हे पालुपद आहेच.

फोन देऊच नये असे प्रतिसाद कृपया नकोत. शाळेच्या ग्रुपमुळे तो पर्याय आमच्याकडे उरलेला नाही.

सह्यकडा

ताई, तुमचं काही चुकत नाहीये. गाठ त्या २००२ मध्ये आहे. इन्स्टाग्रामच्या हिशेबी तुमची मुलगी विशीपार गेलेली बाई आहे, आणि मोठ्या माणसाच्या अकाउंटवर पालकांची देखरेख लागत नाही. ती सोय १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी आहे. भारतात फेब्रुवारी २०२५ पासून ह्या वयाच्या मुलांना 'टीन अकाउंट' मिळतं: आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, रोज तासभर झाला की थांबायची आठवण. १६ च्या आतल्या मुलाला ह्यातलं काही सैल करायचं असेल तर पालकांची परवानगी लागते. पण हे सगळं खऱ्या जन्मतारखेवर उभं आहे. तारीख खोटी, तर ह्यातलं काहीही लागू नाही.

आता तारीख खरी करायला गेलात तर ती ११ ची निघते, आणि १३ च्या आतल्या मुलांना अकाउंटच ठेवता येत नाही. म्हणजे ते बंद होईल. २०१० वगैरे टाकून १३ च्या वर आणायचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नका. तिला आत्ताच कळेल की वय हे सोयीने टाकायचं असतं, आणि हीच सवय पुढे सगळीकडे नडते.

आज रात्री करायच्या गोष्टी सांगतो. सगळ्यात आधी त्या माणसाच्या मेसेजेसचे आणि त्याच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट काढा, युजरनेम नीट दिसेल असे. मग रिपोर्ट, मग ब्लॉक. ब्लॉक करताना त्याची इतर अकाउंट्ससुद्धा ब्लॉक करायचा पर्याय येतो, तो निवडा. नंतर अकाउंट प्रायव्हेट करा, पण लक्षात घ्या, प्रायव्हेट केल्याने आधी आलेले फॉलोअर्स जात नाहीत. मुलीला शेजारी बसवून एकेक नाव वाचा: हिला ओळखतेस? ह्याला? जे ओळखीचं नाही ते काढा. पाटी आणि टी-शर्ट दिसणारं रील लगेच उडवा. अकाउंट कुठल्या नंबरवर किंवा मेलवर काढलंय तेही बघा. भाचीचा असेल तर तो बदलून पासवर्ड नवा टाका, आणि कुठल्या कुठल्या फोनवर लॉग-इन आहे ती यादी तपासा.

हे झालं आजपुरतं. पुढचं सांगण्याआधी एक प्रश्न: त्या फोनवर गुगल अकाउंट कोणाचं आहे?

निशिगंध

मनापासून आभार. स्क्रीनशॉट, रिपोर्ट, ब्लॉक, सगळं केलं. फॉलोअर्सची यादी दोघींनी मिळून वाचली. निम्म्याहून जास्त नावं तिला माहीतच नव्हती. गुगल अकाउंट सासूबाईंचंच आहे, फोन दिला तेव्हा बदललं नाही.

पाऊलवाट

ताई, असली अ‍ॅप्स मिळतात की मुलांच्या फोनवरचा प्रत्येक मेसेज आपल्या फोनवर दिसतो, मुलांना कळतही नाही. माझ्या ओळखीत एकांनी टाकलंय. विचार करा.

सह्यकडा

पाऊलवाट, तुमचा हेतू चांगला आहे, पण ह्याला माझा ठाम विरोध आहे. अशी बरीच अ‍ॅप्स प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकावी लागतात आणि टाकताना फोनचं स्वतःचं संरक्षण बंद करायला सांगतात. मग मुलीचे मेसेज, फोटो, ती कुठे आहे, हे सगळं कोणाच्या तरी सर्व्हरवर जाऊन पडतं. एका अनोळखी माणसापासून वाचवायला दुसऱ्या अनोळखी माणसाच्या हातात सगळं द्यायचं. आणि मुलीला कळलं, आणि कळतंच, की विश्वास गेला. निशिगंध ताईंकडे आज सगळ्यात मोठी गोष्ट कुठली असेल तर पोरीने स्वतःहून येऊन दाखवलं ही.

ताई, आता फोनचं. आजींचं अकाउंट असल्यामुळे प्ले स्टोअरला वाटतं फोन एका ज्येष्ठ बाईंच्या हातात आहे. कुठलंही अ‍ॅप डाउनलोड होणार, कोणी विचारणार नाही. इन्स्टाग्राम आज काढलंत तरी उद्या परत येईल, स्नॅपचॅट येईल. म्हणून नियंत्रण अ‍ॅपवर नाही, फोनवर लावा. गुगलचं 'फॅमिली लिंक' आहे, फुकट आहे. तुमच्या फोनवर ते अ‍ॅप घ्या आणि त्यातून मुलीचं नवं गुगल अकाउंट काढा, खऱ्या जन्मतारखेने. मग जुन्या फोनमधले फोटो, नंबर उतरवून घ्या, आजींचं अकाउंट आधी सेटिंगमधून काढा आणि मगच फोन रीसेट करा. ते न काढता रीसेट केलात तर नंतर जुना पासवर्ड मागत अडून बसू शकतो. सुरू करताना मुलीचं अकाउंट टाका.

त्यानंतर तिने कुठलंही अ‍ॅप मागितलं की परवानगीची विनंती तुमच्या फोनवर येईल. रोजची वेळ, रात्री कुलूप, प्रत्येक अ‍ॅपला वेगळी मर्यादा, सगळं तिथून लावता येतं. एक जागा बहुतेक पालकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे ब्राउझर. अ‍ॅप बंद असलं तरी क्रोममधून इन्स्टाग्रामची साइट उघडते. फॅमिली लिंकमध्ये क्रोमच्या सेटिंगमध्ये ती साइट बंद यादीत टाका. तिचं वय बघता फक्त मान्य केलेल्याच साइट उघडतील असंही ठेवता येतं, पण मग प्रोजेक्टसाठी शोधताना पदोपदी तुम्हाला विचारावं लागेल.

यूट्यूबवरही देखरेखीचं अकाउंट होतं. त्यात ९ वर्षांपुढच्यांसाठीचा गट निवडा. कमेंट करणं, व्हिडिओ टाकणं त्यात बंद असतं.

मेलबर्नकर

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्या मुलांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूबवर अकाउंटच ठेवता येत नाही. दंड कंपनीला होतो, मुलांना किंवा आईबापांना नाही. व्हॉट्सअ‍ॅप मात्र यादीत नाही. कायद्याचा मला झालेला खरा फायदा म्हणजे "सगळ्यांचं आहे" हे वाक्य घरातून गेलं. भारतात ह्याबद्दल काय आहे?

विधिज्ञ_ठाणे

मेलबर्नकर, थोडक्यात सांगते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण मूल धरलंय. त्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची, मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं कलम ९ सांगतं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिलेत.

निशिगंध, तुमच्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. तो माणूस दुसऱ्या अकाउंटवरून परत आला, फोटो मागितले, भेटायला बोलावलं, तर फक्त ब्लॉक करून थांबू नका. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर आहे, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, आणि सायबर क्राइम पोर्टलवर लहान मुलांशी संबंधित तक्रार नाव न देताही करता येते. शाळा कधी सुटते हे विचारणं मी हलक्यात घेणार नाही. काही दिवस शाळेच्या गेटवर तिला घ्यायला घरातलंच कोणीतरी असू द्या आणि वर्गशिक्षिकेच्या कानावर घाला. स्क्रीनशॉट पुसू नका.

कडेगावचे_मास्तर

मी सहावी-सातवीला शिकवतो. तांत्रिक बाजू वर सांगून झाली आहे, मी "वर्गात सगळ्यांचं आहे" ह्यावर बोलतो. आमच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. पोरं अभ्यासाला बसतात. ते चाललं ह्याचं कारण मला असं दिसतं की मोबाइल एकट्या पोराचा बंद होत नाही. शेजारच्याचाही होतो आणि बापाचाही होतो. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात बांशी गावाने १८ च्या आतल्यांना मोबाइल बंदीचाच ठराव केला होता. मला वडगावची रीत जास्त पटते, कारण तिच्यात मोठ्यांनाही नियम आहे.

शहरात भोंगा वाजवता येणार नाही. पण तुमच्या मुलीच्या खास मैत्रिणी किती असतील? चार-पाच. त्यांच्या आयांना फोन करा. माझा अनुभव असा आहे की प्रत्येक घरात "बाकी सगळ्यांचं आहे" म्हणूनच अकाउंट निघालेलं असतं, आणि आया एकमेकींशी बोलल्या की निम्म्या जणींना सुटल्यासारखं होतं. चार घरांनी मिळून ठरवलं की तेरा पूर्ण होईपर्यंत नको, तर मुलगी एकटी पडत नाही. ह्या वयात एकटं पडणं हे त्यांना अनोळखी माणसाच्या मेसेजपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं, हे आपण मोठे विसरतो.

आणि तिच्या नाचाला प्रेक्षक द्या, ही कळकळीची विनंती. नुसतं अकाउंट बंद केलंत तर तिच्या हातून काय गेलं हे तिलाच माहीत असेल.

निशिगंध

सगळ्यांचे आभार, विशेषतः मास्तरांचे. तुमचा शेवटचा परिच्छेद मी ह्यांनाही वाचून दाखवला.

फोन रीसेट केला, फॅमिली लिंक लागलं. सह्यकडा, तुम्ही म्हणालात तसं क्रोमचं लक्षातच आलं नसतं. व्हॉट्सअ‍ॅप शाळेपुरतं आहे. त्याचीही अट १३ चीच आहे हे इथेच वाचताना कळलं, म्हणून ते माझ्या नंबरवर, माझ्या फोनवर घेतलंय आणि संध्याकाळी दोघी मिळून बघतो. शाळेला मेल करून विचारलंय की सूचना पालकांच्याच नंबरवर पाठवाव्यात. दोन मैत्रिणींच्या आयांशी बोलले. एक लगेच हो म्हणाली. दुसरीच्या मुलीचं अकाउंटच नाही, म्हणजे "सगळ्यांचं" नव्हतंच.

इन्स्टाग्रामचं अकाउंट बंद करायचं ठरवलं. आधी सगळी रील्स उतरवून घेतली. ती रडली, पण "शाळा किती वाजता सुटते हे कोणी अनोळखी माणसाने रस्त्यात विचारलं असतं तर काय केलं असतंस?" ह्यावर तिचं तीच म्हणाली, बाईंना सांगितलं असतं. पालकांनी चालवलेलं अकाउंट, प्रोफाइलमध्ये तसं स्पष्ट लिहून, ठेवता येतं असं वाचलं. पण तिचा चेहरा जगासमोर ठेवायचा की नाही हे तिला समजून ठरवता येईपर्यंत मला ते नको आहे. सध्या नातेवाइकांचा एक ग्रुप केलाय, त्यावर ती नाच पाठवते. पुण्याची आत्या प्रत्येकावर लांबलचक अभिप्राय लिहिते. तेवढ्यावर सध्या निभावतंय.

अडकलंय एका ठिकाणी. भाचीच्या स्वतःच्या अकाउंटवर दोघींची रील्स आहेत, खुली. वहिनीला सांगितलं तर "एवढं काय त्यात" म्हणेल, आणि माहेरी वाद नकोय. काय करू?

विधिज्ञ_ठाणे

१३ च्या आतल्या मुलाचा फोटो किंवा व्हिडिओ दुसऱ्याने टाकला असेल तर पालकांना तो काढायची विनंती थेट इन्स्टाग्रामकडे करता येते, हेल्प सेंटरमध्ये अर्ज आहे. पण घरातल्या माणसासाठी तो शेवटी.

सह्यकडा

वहिनींच्या आधी भाचीशी बोला, तिला फोन करून. तक्रार म्हणून नाही. ते तीन मेसेज तिला दाखवा, आणि ते रील सध्या लपवायला, म्हणजे 'अर्काइव्ह' करायला सांगा. पुसायचं नाही म्हटलं की पटकन तयार होईल. तिचं अकाउंटही खुलं आहे, तेव्हा असले मेसेज तिलाही येत असणार. कदाचित तिने अजून कोणाला दाखवलेही नसतील.